तळव्यावर ठेवलेली रायफल

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जे मांडलं जातं, ते बघून एखादा नवा माणूस दारातूनच परत जाईल. माझे पाने, पक्कड, व्हर्निअर, आता फक्त पूजेपुरता उरलेला एक पाइप रेंच, वृंदाची शिवणाची कात्री, विळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल कापडावर आडवी झोपलेली एअर रायफल. हळदकुंकू सगळ्यांना सारखं. झेंडूचा हार मात्र रायफलीलाच, आणि तो दर वर्षी नळीवरून घसरत जाऊन माशीपाशी अडकतो. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारका खुंट, ज्याच्यावरून नेम धरायचा. "बघ, हारालासुद्धा नेम धरायचाय," असं वृंदा दर वर्षी म्हणते. वृंदा माझी बायको. रायफल तिची आहे. मी नुसता मेकॅनिक.

यंदा रायफल कपाटावरून मी एकट्याने उतरवली. पिशवीची चेन उघडली आणि आधी वास आला. ग्रीसचा, लाकडी दस्त्याला चोळलेल्या जवसाच्या तेलाचा, आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या कापडाचा कुबट वास. त्या वासाबरोबर तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आमच्या हॉलमध्ये येऊन बसला, आणि पूजा आटोपली तरी उठायचं नाव घेईना.

पार्ल्याचा ऑक्टोबर हा काही कुणी कौतुक करावं असा महिना नाही. पाऊस गेलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यात थांबवून विमान जाईपर्यंत वाट बघतो. नव्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. आम्हाला आपण थांबलो होतो हेही कळत नाही. त्या वर्षी शेजारच्या घरातून चकलीची भाजणी भाजल्याचा वास येत होता, आमच्या घरातून ग्रीसचा, आणि जिन्यात ते दोन्ही वास एकमेकांत मिसळून काहीतरी तिसरंच तयार होत होतं.

या रायफलीची मूळ गोष्ट जुहूची आहे. आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. वाळूत फुग्यांचा स्टॉल होता. लाकडी फळीवर रंगीत फुगे, समोर दोरी, आणि दोरीच्या अलीकडे एक झिजलेली रायफल. मी आधी मारून घेतलं. एक फुगा फुटला, तोही मी ज्याच्यावर नेम धरला होता त्याच्या शेजारचा. वृंदाने रायफल घेतली, पहिला छर्रा मुद्दाम फळीच्या कोऱ्या लाकडावर मारला आणि तो कुठे लागला ते शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "माशी उजवीकडे वाकलीय हिची." तिने वाकडेपणाचा हिशेब मनात धरून नेम तेवढा बाजूला सरकवला आणि एका ओळीतले फुगे फोडत गेली. स्टॉलवाला आधी हसला, मग गप्प झाला, आणि शेवटी म्हणाला, "बस करो ना दीदी, दुसऱ्यांना पण खेळू द्या." मी कंपनीत पॅकिंगची मशिनं सांभाळायचो. दिवसभर मशिनच्या खोडी दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण खोड तशीच ठेवून तिच्यासकट काम करून घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होतो. लग्न ठरलेलंच होतं, पण माझ्या मनात ते तिथे पक्कं झालं.

मग ते सगळं मागे पडलं. वृंदा शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर कंपास न घेता एका दमात वर्तुळ काढायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणाली, "मोहन, मला रायफल शूटिंग शिकायचंय." मला वाटलं थट्टा करतेय. पण ती बोरिवलीच्या एका क्लबात जाऊन नाव घालून आली. कोच म्हणून एक तरुण मुलगी, तन्वी. वृंदाला काकू म्हणायची आणि काकूंना दटावायचीसुद्धा. त्या क्लबात दर वर्षी दिवाळीनंतर एक वेगळी स्पर्धा असते, फक्त स्प्रिंगवाल्या रायफलींची. पहिल्या वर्षी वृंदा क्लबाची रायफल उसनी घेऊन खेळली आणि बऱ्यापैकी वर आली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मला नंबरबिंबर नको रे. पण एकदा ही स्पर्धा माझ्या स्वतःच्या रायफलीने खेळायचीय. पहिल्या छऱ्यापासून शेवटच्या छऱ्यापर्यंत." एवढंच मागणं होतं. आयुष्यात तिने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही, त्यामुळे हे माझ्या चांगलंच लक्षात राहिलं.

रायफल निवडायला आम्ही फोर्टातल्या एका जुन्या दुकानात गेलो. हल्लीचे खेळाडू दाबलेल्या हवेचं नळकांडं लावलेल्या रायफली वापरतात. त्या हलत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि मारणाऱ्याचं ऐकतात. स्प्रिंगवालीचं तसं नाही. तिची नळी हाताने मधोमध मोडायची, की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे जाऊन अडकतो. ट्रिगर ओढला की पिस्टन सुटतो, धावत पुढे येतो, समोरची हवा दाबतो, आणि ती हवा छऱ्याला ढकलते. सायकलचा पंपच म्हणा. गोम अशी की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धावलेला, आदळलेला असतो, आणि सगळी रायफल आधी मागे आणि मग पुढे उडते. तुम्ही नेम बरोबर धरलात, श्वास रोखलात, ट्रिगर अगदी हळू ओढलात, तरी त्यानंतरचा एक क्षण असा असतो की छर्रा अजून आत आहे, रायफल हलते आहे, आणि तुमच्या हातात काहीही उरलेलं नाही. तेव्हा हे मी यंत्र म्हणून समजून घेतलं होतं.

मी दुकानदाराला सांगितलं, सगळ्यात जोरदार दाखवा. वृंदा म्हणाली, "सगळ्यात मऊ दाखवा." कागदाला भोक पाडायला जोर कशाला लागतो, हा तिचा मुद्दा, आणि तो बरोबर होता. तिने एक एक रायफल डोळे मिटून खांद्याला लावली, गाल टेकवला, मग डोळे उघडले. डोळे उघडल्यावर माशी आपोआप समोर दिसली तर ती आपली, नाही दिसली तर परत. कपड्याच्या दुकानात ती जेवढा वेळ लावते त्याच्या निम्म्या वेळात तिने एक साधी, काळपट, कुणी ढुंकून बघणार नाही अशी रायफल उचलली. "हिच्यात काय आहे?" मी विचारलं. "काहीच नाही. म्हणून तर," ती म्हणाली.

काहीच नव्हतं म्हणून मला रान मोकळं मिळालं. कंपनी सोडल्यापासून माझ्या हातांना काम नव्हतं. घरातले सगळे नळ मी दोन-दोनदा दुरुस्त करून झाले होते. खंडेनवमीला रायफलीला पहिला हार पडला आणि दुसऱ्याच दिवशी मी ती खोलून बसलो. आतली स्प्रिंग सुटताना टण्ण असा आवाज करायची, तो घालवायला नायलॉनच्या दांडीचा आधार लेथवर कातून आणला. स्प्रिंग थोडी कापून मऊ केली, आणि तिचं कापलेलं टोक सपाट करायला गॅसवर लाल केलं. वृंदा दारात उभी राहून म्हणाली, "तो गॅस पोळ्यांसाठी आहे हं." पिस्टनच्या तोंडाचा वॉशर बदलला. ट्रिगरचे आतले कंगोरे पॉलिश केले. गालाची उंची वाढवायला चांभाराकडून चपलेच्या सोलचं रबर आणून दस्त्यावर चिकटवलं. रायफलीला पुढून वजन हवं होतं, तर वर्सोव्यात जाऊन कोळी लोक जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली आणि लाकूड पोखरून आत बसवली. तन्वी ते ऐकून म्हणाली, "काका, आता हिच्याने मासे पण पकडा."

घरात पूर्ण दहा मीटर जागा पार्ल्यात कुणाकडे असते? आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीपासून हॉल ओलांडून बेडरूमच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत सगळी दारं उघडली तरी थोडं कमीच पडतं. मग झेरॉक्सवाल्याकडून टार्गेटचं कार्ड त्या मानाने लहान करून आणायचं. भिंतीला पोलादी पत्रा, त्याच्यापुढे जुन्या गोधड्या ठासून भरलेलं खोकं, त्यावर कार्ड. वृंदा बाल्कनीत उभी राहायची, आणि मी बाल्कनीतल्या फ्रिजला पाठ लावून तिच्या मागे. सराव चालू असताना घरात कुणी हलायचं नाही हा नियम. विमान आलं की थांबायचं, काचा शांत झाल्या की पुन्हा. एकदा मी तेल जरा सढळ हाताने आत सोडलं आणि पहिल्याच छऱ्याला ते आत पेटून एवढा मोठा धडाका झाला की हॉलभर तळणीच्या जळक्या तेलाचा धूर. खालचे सामंत जिने चढून धावत आले. वृंदाने दार उघडलं आणि अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाली, "काही नाही, हे चकल्या करतायत." सामंत माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिले आणि खाली गेले. त्या दिवशी आम्ही दोघं इतकं हसलो की सराव राहूनच गेला.

आता आठवताना मला त्या हसण्याचा राग येतो. ते इतकं साधं होतं, आणि ते जपून ठेवायला हवं हे मला कुणी सांगितलं नाही.

कारण त्याच सुमाराला कार्डावरची भोकं पसरायला लागली होती. आधी वृंदाचे छर्रे सगळे एकाच जागी पडायचे, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. आता एखादा वर, एखादा लांब डावीकडे. मी लगेच रायफल उघडली. माझा सगळा जन्म या एका श्रद्धेवर गेलाय की माल बिघडला तर बिघाड मशिनमध्ये आहे. शोधा आणि सापडेल. मी स्प्रिंग बदलली. पुन्हा जुनी घातली. छऱ्यांचे वेगवेगळे डबे आणले. दस्त्याचे स्क्रू घट्ट केले, सैल केले. दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वृंदा नेमाने मारायची, कार्ड आणून माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "बघ बाबा तुझ्या लेकीचं काय दुखतंय."

सरळ मार्ग म्हणजे रायफल शिकंज्यात आवळायची आणि मारून बघायचं. माणूस मध्ये नकोच. मी बाल्कनीत शिकंजा बसवला, लाकडाला कापड गुंडाळलं, रायफल आवळली आणि छर्रे सोडले. भोकं आणखीच पसरली. मी तर उड्याच मारल्या. सापडलं, दोष रायफलीतच आहे! तन्वीला फोन केला, तर ती पोटभर हसली. "अहो काका, स्प्रिंगवालीला शिकंज्यात कधी धरतात का? तिला उडायला जागा लागते. तुम्ही आवळलीत ना, तर ती कुठेही मारणार. हिला धरायचंच नाही. हाताचा तळवा उघडा ठेवायचा आणि त्याच्यावर ती नुसती ठेवायची. उडायचं तेवढं उडू द्यायचं. फक्त दर वेळी सारखं."

म्हणजे या जातीच्या रायफलीत माणूस आणि मशीन वेगळे काढून तपासताच येत नाहीत. मला ते त्या वेळी अन्यायाचं वाटलं. कुठल्याही चांगल्या मशिनची चाचणी माणसाशिवाय करता यायला हवी. पण त्याच अन्यायाच्या आडोशाला मी आणखी काही दिवस आनंदात काढले, कारण दोष रायफलीत नाही असंही आता कुणाला सिद्ध करता येत नव्हतं.

तिचा डावा हात मी पाहत होतो की नव्हतो? पाहत होतो. टीव्हीपुढे बसली की तिचा डावा अंगठा आणि बोटं एकमेकांवर हळूहळू फिरायची, वाती वळतात तशी. मी एकदा म्हटलंसुद्धा, "कापूस देऊ का?" ती हसली आणि हात पदराखाली घेतला. स्टेशनकडे चालताना तिचा उजवा हात झुलायचा आणि डावा अंगाला चिकटून राहायचा, पिशवी नसली तरी पिशवी धरल्यासारखा. हे सगळं मला दिसत होतं. मी डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत येऊ दिलं नाही, की डोकं तेव्हा स्प्रिंगमध्ये गुंतलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली दुपार. भिंती तापलेल्या, वृंदा आत रव्याचे लाडू वळत होती. मी तांदूळ भरून एक लहान उशी शिवली होती. ती स्टुलावर ठेवली, तिच्यावर माझा हात उताणा, तळवा उघडा, आणि तळव्यावर रायफल. धरली नाही. तन्वी म्हणाली होती तशी नुसती ठेवली. एकामागून एक छर्रे मारले, प्रत्येक वेळी रायफल तळव्यावर उडाली आणि मी तिला उडू दिलं. मग उठून कार्ड आणायला गेलो.

कार्डावर एकच भोक होतं. थोडं लांबट, कडा फाटलेल्या, पण एकच. ज्याने जुहूला शेजारचा फुगा फोडला होता, त्या माणसाने मारलेलं. रायफल ठणठणीत होती. माझं काम उत्तम झालं होतं, एवढं चांगलं काम मी कंपनीतही क्वचित केलं असेल. मी ते कार्ड हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसलो. एक विमान गेलं, काचा थरथरल्या, थांबल्या.

वृंदा हात पुसत दारात आली. तिने कार्ड पाहिलं. "झाली ना बरी?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मग आता मी सांगते," ती म्हणाली आणि शेजारी बसली. ती दसऱ्याच्या आधीच अंधेरीच्या एका डॉक्टरांना एकटी दाखवून आली होती. आजाराचं नाव पार्किन्सन. सुरुवात आहे, डाव्या बाजूला. गोळ्या मिळतील, त्यांनी हात थोडा शांत राहील, पण आजार पुढे जाणार. उलटा फिरणार नाही.

"आणि मला बोलली नाहीस? मी मूर्खासारखा स्प्रिंगा कापतोय इथे!"

"ओरडू नकोस रे. मला माहीत होतं तू काय करशील. मला खोलून बसला असतास." मग म्हणाली, "तू रोज सकाळी उठून त्या रायफलीला बरं करत होतास. माझ्यात बरं होण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, घरात एक तरी गोष्ट बरी होऊ दे."

मी तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट आवळला. मला वाटलं होतं, आवळला तर थांबेल. तो थांबला नाही. त्याची थरथर माझ्या मनगटातून वर कोपरापर्यंत आली. वृंदा म्हणाली, "दुखतंय, सोड." मी सोडला.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना घाबरलोय, पण त्या दुपारी जे वाटलं ते भय नव्हतं. पान्यांची सगळी पेटी समोर उघडी होती आणि त्यातलं एकही हत्यार कामाचं नव्हतं. लाडवाचा वास येत होता. खाली पोरं टिकल्या फोडत होती. जगात कुणालाही काही कळलं नव्हतं, आणि मला जे कळलं होतं त्याचा काही उपयोग नव्हता.

मग तन्वीला सांगितलं. ती एवढीशी मुलगी डॉक्टरांना विचारून, वृंदाला उभं करून, नुसतं बघत राहिली. तिच्या लक्षात आलं की हात उचलला की पहिले काही क्षण तो शांत राहतो. थरथर झोपून असते, आणि धरून राहिलं की जागी होते. "काकू, नेम लावत बसू नका. उचलायची, दिसलं की सोडायची. हात जागा व्हायच्या आत." वृंदाने पुरी दिवाळी त्यावर घालवली. कंदील लागले, फराळ झाला, भाऊबीजेला तिचा भाऊ येऊन गेला, आणि या सगळ्याच्या मधून बाल्कनीतून फट् फट् असा आवाज येत राहिला. उचल, बघ, सोड. मी फ्रिजला पाठ लावून उभा. आता माझ्याकडे करायला काहीच नव्हतं, रायफलीत एक स्क्रूही फिरवायचा बाकी नव्हता. मी श्वास रोखून धरायचो, जणू त्याने तिचा हात आणखी थोडा झोपून राहणार होता.

स्पर्धा बोरिवलीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आम्ही रिक्षाने गेलो, रायफल आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. हॉलमध्ये खेळाडूंच्या मागे एक दोरी बांधलेली असते, आणि बघणाऱ्यांनी तिच्या अलीकडे राहायचं. खेळाडूशी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, काही सुचवायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण त्या दोरीला धरून उभं राहिलं की माणूस किती बिनकामाचा असतो हे नीट कळतं.

सुरुवात झकास झाली. उचल, बघ, सोड. दोरीवरून मला कार्ड दिसत नव्हतं, पण तिची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून मला कळतं. मग तिची लय तुटायला लागली. एकदा रायफल उचलली आणि न मारताच खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. हात आता लवकर जागा होत होता. ती रायफल टेबलावर ठेवून डावा हात लोंबता सोडून उभी राहायची, त्याला झोपवल्यासारखी. आजूबाजूचे एक एक करून संपवत होते, सामान आवरत होते. शेवटी त्या सगळ्या रांगेत ती एकटी उरली. तिने शेवटचा छर्रा घातला. उचलली. खाली घेतली. उचलली. घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि घड्याळाकडेच बघत होतो.

"टाइम," पंच म्हणाला.

वृंदाने रायफल खाली घेतली. शेवटचा छर्रा तिच्या आतच राहिला. तो शून्य धरला जाणार होता. पण स्प्रिंगवालीचं एक असतं, एकदा ताणली की तिला मोकळं करावंच लागतं, आणि मोकळं करायचा सोपा रस्ता म्हणजे मारणं. पंच भला माणूस होता. हळूच म्हणाला, "मॅडम, तो काढून टाका. कार्ड सोडून, खाली वाळूच्या पोत्यावर मारा." तिने रायफल उचलली, कसलाही नेम न धरता पोत्याकडे केली, आणि मारली. फट्. हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता.

ती दोरीपाशी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती. "तो शेवटचा सगळ्यात छान सुटला रे," ती म्हणाली. "कुठे लागायचंच नव्हतं ना त्याला."

पहिल्या छऱ्यापासून शेवटच्या छऱ्यापर्यंत, असं तिने मागितलं होतं. शेवटचा सुटला, पण मोजला गेला नाही. मी रायफल तिच्या हातातून घेतली आणि पिशवीत ठेवली. परतताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. हायवेवरच्या खड्ड्यांत रिक्षा उडत होती, आणि तिचा हात माझ्या मांडीवर थरथरत होता की रिक्षाने हलत होता, हे मला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर तीन ऑक्टोबर येऊन गेले. गोळ्या वाढल्या. चहा आता ती अर्धा कप घेते, म्हणजे सांडत नाही. भाजणीचा वास शेजारून अजून येतो, विमानं अजून तेवढ्याच खालून जातात, आणि विमान नसतानाही टेबलावरची बशी किणकिणते तेव्हा आम्ही दोघंही अर्धं वाक्य थांबवतो. हल्ली मी घरातलं काही दुरुस्त करत नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, त्याला ठिबकू देतो. तन्वी अधूनमधून येते, काकूंना क्लबातल्या बातम्या सांगते. कुणी तिला विचारलं की ती रायफल विकायचीय का, तर ती आमच्या वतीने परस्पर नाही सांगते.

यंदा पूजा मांडली. पाने, पक्कड, कात्री, विळी. मधोमध रायफल. वृंदा खुर्चीत बसून बघत होती. मी हार घातला, तो घसरला आणि माशीपाशी अडकला. मी तिच्याकडे पाहिलं, ती म्हणेल म्हणून. ती काही बोलली नाही. बोलणंही आता तिला सावकाशच जमतं, आणि कधीकधी शब्द ओठांपर्यंत येऊन थांबतात. तिचा डावा हात मांडीवर वाती वळत होता.

मी खाली बसलो. हळदकुंकवाने माखलेला माझा हात उताणा केला, तळवा उघडा, आणि तिचा हात उचलून त्याच्यावर ठेवला. उचलला की काही क्षण तो अजूनही शांत असतो. तेवढ्यात एक विमान गेलं. काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"बघ," वृंदा हळूच म्हणाली, "हारालासुद्धा…"

मग हात सुरू झाला. मी तो धरला नाही. उडायचं तेवढं उडू दिलं.